डाव्या कोपऱ्यातला गडी

गुरुजी, त्या दिवशी मैदानावर तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, ते उत्तर परत घ्यायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं वय मागं टाकून मी वीस-बावीस पावसाळे पुढं आलो, तरी 'गुरुजी' हा शब्द कागदावर उतरला की पाठ आपोआप ताठ होते. निमित्त झालं माझ्या नातीचं. ती कबड्डी खेळते, आणि पगारावर खेळते. आमचा हुतूतू आता पोरींना पगार देतो, हे तुम्ही बघायला हवं होतं. परवा टीव्हीवर कुठल्याशा परदेशातले खेळाडू राष्ट्रगीत चालू असताना खाली बसलेले दाखवत होते. नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? खेळाडूनं असं करावं? पगार खायचा आणि गाण्याला बसून राहायचं?" सून म्हणाली, "मिनिटभर उभं राहायला काय पाय मोडतात?" मुलगा म्हणाला, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तू नको बोलूस." दोघांची जुंपली. मी वालाच्या शेंगा सोलत होतो, सोलतच राहिलो. यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही की त्यांच्या ह्या म्हाताऱ्याने भर मैदानात, मामलेदारासमोर, तुमच्या पाठीमागं तेच केलं होतं.

गाणं तुम्हीच शिकवलंत आम्हाला. सत्तेचाळीस साली मी तुमच्या मराठी शाळेत चौथीत होतो. गावात कुणाला त्यातला एक शब्द धड येत नव्हता. तुम्ही फळ्यावर लिहिलंत आणि प्रत्येक नावाला कोयत्याच्या टोकाने अंगणात खूण करून दाखवलंत, हा सिंध, हा बंग, हा विंध्य. नाखवाचा पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, यात आपली खाडी कुठं हाय?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. 'जलधितरंग' या शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "ही बघ. हिच्याशिवाय गाणं पुरं होत नाही." बेचाळीसच्या चळवळीत तुम्ही दीड वर्ष तुरुंगात काढलेलं. तिथून आणलेला खोकला तुम्हाला जन्मभर पुरला, पण गाण्याच्या वेळी तो खोकला कधी आला नाही. आम्हाला वाटायचं, गुरुजींनी त्यालाही उभं राहायला शिकवलंय.

आणि हुतूतूही तुम्हीच शिकवलात. ओहोटीला पाणी मागं सरलं की ओल्या वाळूवर काठीने मैदान आखायचं. त्या खेळात तेव्हा सरळसोट बोली होती. बाद झालेल्याला कुणी बाद म्हणत नसे, मेला म्हणत. मेलेल्याने मुकाट रेषेबाहेर जाऊन रांगेत बसायचं. आपल्या कुणीतरी पलीकडचा गडी मारला की मग रांगेतला पहिला उठायचा, जिवंत होऊन परत आत. सगळे उठून घरी चालले तरी तुम्ही आम्हाला बसलेलंच ठेवायचात. "मेलेला आपल्या मर्जीनं उठत नाही. त्याला उठवावं लागतं, आणि ते काम जिवंतांचं." आमच्या गावच्या पोरांच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीतही कुणी हाताला धरून उठवल्याशिवाय उठायचे नाहीत आणि बायका शिव्या घालायच्या.

एवढं असून भुताखेताचं नाव तुम्हाला खपत नसे. एकदा मी वर्गात सांगितलं की बंदराजवळच्या उंडीच्या झाडाखाली माझ्या आजीला खलाशी दिसला, अंगातून पाणी गळत असलेला. तुम्ही मला पाटीवर शंभर वेळा 'भुते नसतात' असं लिहायला लावलंत. पाटीत मावेना, म्हणून लिहायचं, तुम्हाला दाखवायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. तुमचा मुलगा माझ्या शेजारी बसलेला. तो कुजबुजला, "नव्वदाच्या पुढं मी लिहितो, तुझा हात भरून आला असेल." शेवटची दहा त्याने लिहिली. तुम्ही अक्षर ओळखलंत आणि काही बोलला नाहीत.

तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि मी त्याच्या लगत. पकडीला कोपरा आणि त्याच्या लगतचा गडी हात धरून असतात, साखळी म्हणतात तिला. त्यामुळं माझा डावा हात म्हणजे त्याचा उजवा हात, असं पंधराएक वर्षं चाललं. मोठे झालो तसे दोघेही मुंबईला एका गिरणीच्या संघात गेलो. खात्यावर नाव कामगाराचं, काम खेळायचं. सकाळी हजेरी लावायची, दुपारी मैदान. चाळीत लोक दाखवायचे, "हे बघा, हे खेळून पगार घेतात." शाळा माझी सातवीत सुटली होती. वाचायची गोडी लागली ती तिथल्या वाचनालयात, तीही त्याने हाताला धरून नेलं म्हणून.

दिवाळीला आम्ही दोघे आगबोटीने गावी निघालो, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण त्या दिवसाबद्दल आपण दोघे कधी बोललो नाही, म्हणून एकदा सांगू द्या. आपल्या बंदराला धक्का नव्हता. होता तो एक दगड, धक्क्याच्या पायाभरणीचा, ज्याच्यावर पाहुण्याचं नाव कोरलेलं आणि आपल्या बायका ज्याच्यावर जवळा वाळत घालायच्या. तुम्ही दरसाल अर्ज लिहायचात. तुमच्या त्या सुंदर अक्षरातले अर्ज कचेरीत कुठंतरी एकमेकांवर निजले असतील. आगबोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला यायची. त्या दिवशी वारा होता. पहिल्या पडावात मी उतरलो. तो एका बाईचं गाठोडं आणि तिची कोंबडी सांभाळत मागं राहिला, ओरडून म्हणाला, "हो पुढं, चहा ठेवायला सांग." मी किनाऱ्यावर पाय ठेवला आणि वळलो, तर दुसरा पडाव वाळूच्या दांड्यावर आडवा झालेला. तिघं गेली. दोन सापडली. तो सापडला नाही. गाठोडं आलं, कोंबडीसुद्धा जिवंत आली.

प्रेत नाही म्हणून त्याच्या आईने, आमच्या काकींनी, क्रियाकर्म करू दिलं नाही. त्या रोज त्याचं पान मांडत राहिल्या. मला कामावर जायचं सुचत नव्हतं. आठवड्यातून चारदा तुमच्या घरी यायचो. एकदा भर दुपारी आलो तर स्वयंपाकघरात पान मांडलेलं, भाकरीचा चतकोर मोडलेला, आणि पाट ओला. मी विचारलं, "काकी, पाणी सांडलं काय?" त्या चुलीकडं तोंड करूनच म्हणाल्या, "न्हाय रे पोरा. आत्ताच उठला." मी पायरीवर बसून राहिलो. तुम्ही बाहेर ओटीवर पुढचा अर्ज लिहीत होतात. टाकाची कुरकुर आत ऐकू येत होती.

मग सव्वीस जानेवारीचे तालुक्याचे सामने आले. आम्ही सहाच जण उतरायचं ठरवलं, डावा कोपरा मोकळा ठेवून. ठरवलं नाखवाच्या पोराने, जो आता आमचा कप्तान होता, छाती अशी की दरवाजातून जायला आडवं व्हावं लागे. किनाऱ्यावर जाळी सुकत होती तिथं बसून तो म्हणाला, "मामलेदार येनार, पुढारी येनार. अर्ज वाचत न्हाईत ना, मग डोल्यांनी बघूं दे. शेवटाला गाणं लागलं की आपुन उठायचं न्हाय. मेलेल्याच्या रांगंत बसायचं. सहा आपुन, नि एक त्याची जागा." कुणीतरी म्हणालं, "गुरुजींस्नी काय वाटंल?" कप्तानाने जाळ्याच्या तुटक्या दोऱ्याला गाठ मारली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुजा पगार जाईल बघ. तू गिरणीचा गडी. तू हुबा राह्यलास तरी आमी काय म्हणनार न्हाय." हे तो मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच मला उभं राहणं अशक्य झालं.

गावात गोष्ट लपते कुठं. सामन्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हा सहाजणांना दुपारी जेवायला बोलावलंत. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेला बांगडा. काकींनी आठ पानं मांडली. आम्ही सहा, तुम्ही, आणि माझ्या डाव्या हाताला एक. कुणी त्या पानाकडं बघत नव्हतं. तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, "बसणार आहात म्हणे."

कप्तान म्हणाला, "व्हय गुरुजी."

"ते गाणं मामलेदाराचं आहे का रे?"

"न्हाय."

"मग त्याच्यावरचा राग गाण्यावर का काढता? घर गळतं म्हणून कुणी देवाला पाठ दाखवतं का? धक्का मागा. कचेरीपुढं बसा, मी येतो तुमच्याबरोबर, पुन्हा तुरुंगात जातो. पण ते एक मिनिट सोडा. त्या एका मिनिटासाठी माणसं मेली आहेत."

मी बोललो. पहिल्यांदा तुमच्यासमोर मान वर करून बोललो. "गुरुजी, आपला बी एक मेलाय. त्याच्यासाठी कुणी मिनिट ठेवलंय का? कचेरीपुढं रोज कोणी ना कोणी बसतं, त्यांना दिसत न्हाय. गाण्याला बसलो तर दिसंल. तुमीच म्हणाला व्हता, खाडीशिवाय गाणं पुरं होत न्हाय."

तुमचा घास हातातच राहिला. आवाज चढवला नाहीत. "माझ्या मुलाच्या नावानं बसू नका," एवढंच म्हणालात. "तो असता तर उभा राहिला असता. मी त्याला तसाच वाढवलाय." कप्तान म्हणाला, "तो असता तर आमच्यासंगं बसला असता, गुरुजी. आमी बी त्याच्यासंगंच वाढलोय." काकी आल्या आणि माझ्या डाव्या बाजूच्या पानावर आणखी एक भाकरी वाढून गेल्या. म्हणाल्या, "तुमी भांडा. त्याला जेवूं द्या."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, तुमचं आमचं भांडण गाण्याचं नव्हतंच. तो कुणाचा, एवढंच होतं. तुमच्या बाजूला उभा, की आमच्या रांगेत बसलेला.

सामना कचेरीमागच्या कापलेल्या भातशेतात होता. दुपार कलल्यावर आमचा पाली गावच्या संघाशी शेवटचा डाव. तुम्ही झेंड्याच्या काठीजवळ खुर्चीवर. सहा गडी सात जणांशी खेळतायत म्हणून लोक हळहळत होते. मी लगतच्या जागेवर उभा आहे, डावा हात सवयीने बाजूला धरलेला, आणि त्या हातात काही नाही. पाली गावचा एक शिडशिडीत गडी चढाईला येतो. दम घुमवत उजवीकडं जातो आणि एकदम वळून आमच्या मोकळ्या कोपऱ्यात सूर मारतो, हात लांबवतो, आणि उलटा पळत रेषा गाठतो. पंचाकडं बघून म्हणतो, "गडी मारला. डावा कोपरा." लोक हसतात. पंच म्हणतो, "अरे बाबा, तिथं कुणी नाही. डोळे आहेत का बटणं?" तो गडी हसत नाही. आपला हात पुढं करून बघत राहतो. हात मनगटापर्यंत ओला होता. जानेवारीतलं कोरडं शेत, धुरळा उडत होता, आणि त्याच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. त्याने हात चड्डीला पुसला आणि पुढचा सगळा डाव तो चढाईला आला नाही.

आमचा कप्तान पंचाकडं गेला आणि म्हणाला, "लिवा. गडी मेला." पंचाला वाटलं थट्टा करतोय. कप्तानाने तोंडावर हात फिरवला आणि आम्हाला हळूच म्हणाला, "हात लागलाय त्याला. बसूं द्या त्याला." रेषेबाहेरच्या रांगेत आम्ही पहिली जागा सोडली. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिला होतात. चष्मा काढून पुसत होतात. आम्ही तो सामना हरलो. किती गुणांनी, ते आता आठवत नाही.

बक्षिसं झाली. उन्हं पिवळी पडलेली. तिथली रीत अशी की शेवटी राष्ट्रगीत म्हणायचं आणि मग तुमच्या हातून झेंडा उतरवायचा, कारण तालुक्यात तुरुंग बघितलेले तुम्ही एकटेच उरला होतात. तुम्ही दोरी हातात घेतलीत, आमच्याकडं पाठ, तोंड झेंड्याकडं. तुम्हीच सूर धरलात. सगळं मैदान उठलं. आम्ही सहाजण चालत रांगेकडं गेलो आणि बसलो, पहिली जागा मोकळी ठेवून. मी दुसरा. माझ्या डाव्या हाताला ती जागा. मागून कुणीतरी म्हणालं, "उठा रे, लाज नाही वाटत?" एकाने वहाण फेकली, ती कप्तानाच्या खांद्याला लागून पडली. कप्तान हलला नाही. तुम्ही वळला नाहीत. गाणं चालू असताना मान वळवायची नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं, आणि तुमची मान थरथरत होती ती मला मागून दिसत होती. कानात काहीतरी कमी पडत होतं, ते काय ते उशिरा कळलं. इतकी माणसं गात होती आणि मला फक्त तुमचा एकट्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या खाली, अगदी जवळ, दम घुमवल्यासारखा एक बारीक सूर. आणि मग माझ्या डाव्या हातात हात आला. गार, ओला, आणि ओळखीचा. करंगळीचं हाड वर आलेलं, लहानपणी एका पकडीत माझ्याच धक्क्याने मोडलेलं. त्या हातानं काय केलं ते सांगतो, पण आधी तुम्ही काय केलंत ते सांगू द्या, कारण ते मला जास्त जड जातं.

गाणं संपलं. तुम्ही झेंडा उतरवलात, घडी केलीत, छातीशी धरलीत आणि वळलात. मामलेदाराचा कारकून वही घेऊन आमची नावं लिहीत होता. नाव, गाव, कामाचा पत्ता. का बसलात, हे त्याने विचारलं नाही. मामलेदारानेही विचारलं नाही. पुढाऱ्याने तर मोटारीत बसून काच वर केली. तुम्ही कारकुनाचं होईस्तोवर बाजूला थांबलात, परक्या माणसासारखे. मग माझ्यासमोर आलात आणि खाली वाकलात. मला वाटलं, थोबाडीत माराल. मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही इतक्या हळू बोललात की मला ओठ बघावे लागले. "तू त्याच्या लगत होतास. मला वळता येत नव्हतं. खरं सांग. तो बसला होता की उभा होता?"

तुम्ही, ज्यांनी मला शंभर वेळा लिहायला लावलं होतं.

कप्तान ऐकत होता. कारकून ऐकत होता. माझी गिरणीतली जागा त्या वहीत निघून गेली होती. मला वाटलं, आता मी दुसरं काही बोललो तर आमच्या सहाजणांचं बसणं पाण्यात गेलं. मी म्हणालो, "बसला व्हता गुरुजी. आमच्यासंगं." तुम्ही मान हलवलीत. दोनदा. "असं," म्हणालात, "असं का," आणि घडी केलेला झेंडा मामलेदाराच्या हातात देऊन एकटेच चालत गावाच्या वाटेला लागलात. बैलगाडी होती, बसला नाहीत.

गिरणीने मला संघातून काढलं आणि पुढं कामावरूनही. त्याचं मला फार काही नाही. मी गावी आलो, पडाव चालवायला लागलो, त्याच पाण्यावर. पण त्या पंधरा ऑगस्टला शाळेत काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही झेंडा फडकवलात. पोरांनी गाणं सुरू केलं. आणि तुम्ही, टोपी नीट करून, धोतर सावरून, हळूच खाली बसलात. चिखलात. मांडी घालून, डाव्या हाताला जरा जागा सोडून. गाणं होईस्तोवर ओठ हलत होते तुमचे, एकही शब्द गाळला नाहीत. लोक म्हणाले, गुरुजींना चक्कर आली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. तपासनीसाने प्रकृतीचं कारण लिहिलं. पुढच्या वर्षीही तुम्ही बसलात, त्याच्या पुढच्याही. गावाने म्हटलं, मुलाच्या दुःखाने बिचारे खचले. मी एकटा जाणत होतो की तुम्ही खचला नव्हतात. मुलगा बसला असेल तर बाप कसा उभा राहील, एवढाच तुमचा हिशेब होता, आणि तो माझ्या खोट्यावर उभा होता. ज्या एका मिनिटासाठी तुम्ही तुरुंगात गेलात ते मिनिट मी तुमच्याकडून काढून घेतलं.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज सकाळी यायचो. मासळी ठेवायचो, पायरीवर बसायचो. एकदा तुम्ही स्वतःहून म्हणालात, "मी चुकलो होतो बरं का. तुम्ही पोरं बरोबर होता. तो बसला म्हणजे त्याला तसंच काही दिसलं असेल." सांगायची वेळ तीच होती. शब्द जिभेवर आले होते. पण तुम्ही कधी नव्हे ते आम्हाला बरोबर म्हणत होतात, आणि माझ्यातल्या पोराला ते ऐकायचंच होतं. मी म्हणालो, "पाणी देऊ का गुरुजी?" तुम्ही हो म्हणालात. त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात. काकींनी दुसऱ्या दिवशीपासून दोन पानं मांडायला सुरुवात केली.

आता ऐका. त्या हाताने मला वर ओढलं. पहिल्याच ओळीला. जोराने नव्हे, पाण्यात पडलेला माणूस ओढतो तसं तर नाहीच. चल, ऊठ, असं. जसं पंगतीतून उठवायचो एकमेकांना. तो उठत होता गुरुजी. तुम्ही म्हणालात तसाच. आणि एकटा उठू शकत नव्हता, कारण मेलेल्याला आपल्या मर्जीनं उठता येत नाही, हेही तुम्हीच सांगितलेलं. माझ्या आधाराने उठणार होता. मी जिवंत होतो, ते काम माझं होतं. आणि मी बूड जमिनीला घट्ट रोवलं, हात खाली दाबून धरला, सगळं गाणं संपेपर्यंत. शेवटच्या 'जय हे'ला ओढ सैल झाली आणि हात निघून गेला. जागेवर बघितलं तर पावलांचे दोन ओले ठसे होते, टाचा उचललेल्या, नुसते चवडे. ते मी पायाने पुसून टाकले, तुम्ही वळायच्या आत.

तरी आम्ही चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. बसणाऱ्याला बसू द्यावं. खेळाडू झाला, पगारी झाला, म्हणून त्याच्या गावचं पाणी त्याच्या अंगावरून वाळत नाही. फक्त त्याला विचारावं, बाबा, का बसलास? आमच्या वहीत तेवढा एक रकाना नव्हता. पण बसणाऱ्यानेही शेजारी कोण उठतंय ते बघावं, आणि त्याला खाली ओढू नये. उठणारा काही शत्रू नसतो. नातीला मी हे यातलं काही सांगितलं नाही. शेंगा सोलून झाल्यावर म्हणालो, "तुझं तू ठरव. पण ठरवलंस तर दुसऱ्याच्या नावावर खपवू नको."

हे पत्र कुठं टाकणार? पेटीत टाकलं तर पोस्टमन नातीलाच आणून देईल. चुलीत घालायचं म्हटलं तर घरात गॅस आहे. राहू दे वहीत. एक गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितलेली नाही. दर सव्वीस जानेवारीला शाळेत मला पहिल्या रांगेत खुर्ची देतात, आणि गाणं लागलं की मी बसून राहतो. मास्तर पोरांना सांगतात, आजोबांचे गुडघे गेलेत. मीच तसं सांगून ठेवलंय. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही गुरुजी, मी अजून टेकडी चढतो. कुणी ओढलं तर या वेळी उठायचं, म्हणून बसतो.